आधी दार, मग मजला

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी माझे यजमान वारले. ते खुर्चीत बसून खालच्या मजल्यावरच्या मुलीची वही तपासत होते. मी चहा आणून ठेवला. त्यांनी कप उचलला नाही. मी डॉक्टरांना बोलावलं. ते आले, त्यांनी पाहिलं आणि मला सांगितलं.

वहीतल्या चार गणितांवर लाल खुणा झाल्या होत्या. पाचवं तपासायचं राहिलं होतं. हे मी त्या दिवशी पाहिलं नाही, नंतर पाहिलं.

आमची इमारत चिक्कडपल्लीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर एका ओळीत चार घरं. सगळ्या घरांच्या बाल्कन्या गल्लीकडे. डाव्या टोकाला लिफ्ट. लिफ्टपासून मोजलं तर आमचं दार तिसरं, आणि मजलाही तिसरा, म्हणून घराचा नंबर ३०३. ती मुलगी १०३ मध्ये राहते, म्हणजे बरोबर आमच्या खाली, मध्ये एक घर सोडून.

नोकरीसाठी आम्ही पुण्याहून हैदराबादला आलो ते इथलेच झालो. यजमान इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणित शिकवू लागले. मी एका वाचनालयात पुस्तकं सांभाळत असे. माझं शिक्षण मराठी साहित्यातलं. गणिताशी माझा संबंध शाळेतच संपला होता. पुढच्या खोलीत ते शिकवत आणि मी आतल्या खोलीत वाचत बसे. दार लोटलेलं असे. त्यांचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मला ते कळून घ्यावेसेही वाटले नाहीत.

त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून बाल्कनीतून खाली टोपली सोडायची पद्धत त्यांनी सुरू केली. या भागात बऱ्याच घरांतून अशी टोपली सोडतात. भाजीची गाडी आली की दोरीला बांधलेली टोपली खाली जाते आणि कोथिंबीर, टोमॅटो घेऊन वर येते. यांनी तिच्यातून मुलीच्या वह्याही आणायला सुरुवात केली. सकाळी ती आपल्या बाल्कनीतून हात काढून टोपलीत वही ठेवायची, हे वर ओढून घ्यायचे. मधल्या २०३ मधल्या तेलुगू आजी वाळत घातलेल्या मिरच्यांच्या आडून बघत असायच्या. "एंटि मास्टारू, खाली बुट्टेना?" असं विचारायच्या, म्हणजे काय मास्तर, रिकामीच टोपली का? आणि जाता जाता तिच्यात एक लिंबू टाकायच्या.

मुलीचे आईवडील मूळचे नांदेडकडचे. वडील एका गोदामात स्टोअरकीपर आहेत, आई शिवणकाम करते. मुलगी इथेच जन्मली, इंग्रजी माध्यमात शिकली. एप्रिलच्या शेवटी दहावीचा निकाल लागला तेव्हा बाकी सगळे विषय निघाले, गणित राहिलं. जूनमध्ये पुरवणी परीक्षा होती. तीत पास झाली तर पॉलिटेक्निक. नाही झाली तर नांदेडला मावशीकडे जायचं आणि तिच्या पार्लरमध्ये काम शिकायचं, असं घरात ठरलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन वर आली होती.

"सर, हिला जायचं नाहीये," आई म्हणाली. "आता तुम्हीच बघा."

"तिला कुठं जायचं नाही ते तिलाच सांगू दे की," यजमान म्हणाले.

"नांदेड नक्को, सर," मुलगी म्हणाली. "मला पॉलिटेक्निकला जायचं."

"मग बस."

इतकंच झालं होतं. तीन आठवडे शिकवणी झाली आणि मग तो मंगळवार आला.

पुण्याहून माझी नणंद आली, तिच्याबरोबर आणखी नातेवाईक आले. घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारच्या घरांतून जेवण येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनीतून कुणीतरी हळूच हाक मारली. मी वाकून पाहिलं तर मुलीची आई खालच्या बाल्कनीत उभी होती.

"ताई, टोपली सोडता का जरा?"

मी सोडली. भाकरी आणि पिठल्याचा डबा वर आला. ती दारातून का आली नाही, ते मी विचारलं नाही. घरात आलेली माणसं तिनं येता-जाता पाहिली असणार.

"हे कुठून आलं?" नणंदेनं विचारलं.

"खालून," मी म्हटलं, आणि डबा उघडून आधी मीच वाढून घेतलं. मग तीही जेवली.

आठवड्याभरानं मुलगी स्वतः वर आली. हातात पुस्तक होतं. नणंद दारातच होती.

"अगं, आमच्याकडे सुतक आहे," नणंद तिला म्हणाली. "अशा घरात येऊ नये. तेराव्यानंतर ये."

"आमच्यात नाही पाळत," मुलगी म्हणाली. तिचा सूर उद्धट नव्हता, ती माहिती देत होती. "मी काकूंना भेटायला आले. आणि माझी वही सरांकडे राहिली."

मी वही शोधून दिली. ती तिथेच उभी राहून पानं उलटत गेली आणि पाचव्या गणितावर थांबली.

"हे तपासलं नाही त्यांनी."

"नाही."

"हेच येत नाही मला. कोऑर्डिनेट जॉमेट्री. सर म्हणाले होते, उद्या बिल्डिंग घेऊन शिकवतो. मागे एकदा थोडं सांगितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं."

मी तिला बस म्हटलं. नणंद आत निघून गेली आणि तिथून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "वहिनी, दादाला जाऊन जेमतेम आठवडा झालाय, आणि तुम्ही क्लास घेताय."

खरं तर मी क्लास घेत नव्हतेच. मला पाचवं गणित काय आहे ते पाहायचं होतं.

गणित साधं दिसत होतं. (३, १) आणि (३, ४) या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढायचं होतं. मी त्यांच्या खुर्चीत बसले नाही, समोरच्या स्टुलावर बसले. शाळेतलं जे आठवलं ते एवढंच, की आडवा अक्ष x चा आणि उभा y चा.

"बिल्डिंग घेऊन म्हणजे कसं?" मी विचारलं.

"म्हणजे प्रत्येक घर एक पॉइंट. पहिला आकडा, दुसरा आकडा. घराच्या नंबरासारखं."

ते मला पटलं. आमच्या घरांच्या नंबरात पहिला आकडा मजल्याचा आणि शेवटचा दाराचा. तेव्हा (३, १) म्हणजे तिसरा मजला, पहिलं दार: ३०१. (३, ४) म्हणजे ३०४. दोन्ही आमच्याच मजल्यावर. त्यांना जोडणारी रेषा म्हणजे आमच्या दारासमोरचा पॅसेज. तो आडवा. उंची सगळीकडे तीन मजले. उंची y नं मोजतात. म्हणून y = ३.

मुलीनं लिहिलं, मग पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहिलं. तिथे x = ३ असं होतं.

"उल्टं आलं, काकू."

मी आपलं घर घेऊन ताळा केला. ३०३ म्हणजे (३, ३). तिसरा मजला, तिसरं दार. यात काहीच चूक सापडेना. इतकी वर्षं पुस्तकं हाताळल्यामुळे मला एक गोष्ट पक्की माहीत होती, की छापलेल्या पुस्तकात चुका असतात. मी तसं तिला सांगितलं.

"छपाईची चूक असेल. पुढचं घे."

पुढच्या गणितात बिंदू होते (-२, ५) आणि (-२, १).

"उणे दोनावा मजला कुठं असतो?" मी विचारलं.

"मॉलमध्ये असतो ना. पार्किंग. बी टू."

मला हसू आलं. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू होतं आणि आतून नणंदेनं ते ऐकलं असणार. आम्ही y = -२ लिहिलं. मागचं उत्तर होतं x = -२. त्यानंतरचंही तसंच आलं. ओळीनं तीन चुका छापखान्यात होत नाहीत.

"मग मी नांदेडलाच जाते," मुलगी शेवटी म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

"पुस्तक इथे ठेवून जा," मी म्हटलं.

तिनं ठेवलं. त्या दिवशी मी ते पुस्तक चाळलं. इंग्रजी समजत होतं, व्याख्याही समजत होती. ती जशीच्या तशी म्हणूनही दाखवली असती. पण आमचा पॅसेज आडवा आहे आणि पुस्तकातली रेषा उभी आहे, या दोन गोष्टींची गाठ कुठे पडते ते काही दिसेना. त्यांना विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. इतकी वर्षं मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं, आणि आता मला विचारायचं होतं.

तेराव्यानंतर सगळे परत गेले. निघताना नणंद म्हणाली, "वहिनी, पुण्याला चला माझ्याबरोबर. इथं तुमचं आता कोण आहे?"

"जूनपर्यंत थांबते."

"जूनमध्ये काय आहे?"

"खालच्या मुलीची परीक्षा आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कधीपासून गणित यायला लागलं?"

"अजून येत नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं होतं. खाली भाजीवाल्याची हाक आली. घरात भाजी नव्हती, म्हणून मी टोपली घेऊन बाल्कनीत गेले. दोरी सोडायचं काम नेहमी त्यांचं असे, मला अंदाज नव्हता. भाजीवाला गाडी घेऊन चौथ्या बाल्कनीखाली उभा होता. मी टोपली सोडली ती माझ्याच बाल्कनीखाली उतरली, आणि तो तिकडेच.

"अम्मा, रुको, आता हूँ," तो म्हणाला आणि गाडी ढकलत माझ्या बाल्कनीखाली आला. मग त्यानं टोपली धरली.

मुलगी १०३ च्या बाल्कनीत उभी होती. टोपली तिच्यासमोरून खाली गेली होती आणि दोरी तिच्या हाताच्या अंतरावर लोंबत होती. तिनं दोरी पाहिली, मान वर करून मला पाहिलं, मग खाली गाडीकडे.

"काकू, थांबा. वर ओढू नका."

"का गं?"

"थांबा ना. ही दोरी कुठून कुठून जाते? तुमचं घर तीनशे तीन. मग आजींचं दोनशे तीन. मग आमचं एकशे तीन." ती बोलताना बोटानं वर-खाली दाखवत होती. "दार तेच. तीन, तीन, तीन. मजला बदलतोय."

२०३ मधल्या आजी बाहेर आल्या. काय झालं म्हणून त्यांनी तेलुगूत विचारलं. मुलीनं त्यांना तेलुगूत काहीतरी सांगितलं. त्या दोरी धरून उभ्या राहिल्या, जणू ती हलू द्यायची नाही ही जबाबदारी त्यांची होती. भाजीवाल्यानं टोपलीत वांगी टाकायला सुरुवात केली होती.

"सरांनी हेच सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. "आता आठवलं. आधी दार, मग मजला. ग्राफमध्ये आधी दार, मग मजला."

"पण घराचा नंबर तर आधी मजला सांगतो."

"तेच तर. घरी जाताना आपण आधी लिफ्टनं वर जातो, मग दार शोधतो. ग्राफमध्ये तसं नाही. आधी खाली, जमिनीवरून चालत दाराखाली जाऊन उभं राहायचं. मग सरळ वर."

मी खाली भाजीवाल्याकडे पाहिलं. त्यानं तेच केलं होतं. आधी गाडी ढकलत तिसऱ्या बाल्कनीखाली आला, आणि आता माल वर यायचा होता. त्याला ३०३ चा नंबर माहीत असण्याची गरज नव्हती. तो जिथे उभा होता तिथून वर जे जे होतं ते सगळं तिसऱ्या दाराचं होतं.

"अम्मा, खींचो ना," तो म्हणाला. "मुझे आगे भी जाना है."

मी टोपली ओढून घेतली. वांगी होती, आणि वर एक लिंबू होतं.

मुलगी धावत वर आली. आम्ही पाचवं गणित पुन्हा घेतलं. (३, १) म्हणजे तिसरं दार, पहिला मजला. ते तिचंच घर. (३, ४) म्हणजे चारशे तीन, आमच्या डोक्यावरचं. मधली घरंही त्याच रेषेवर, त्यात आमचंही. मी ताळ्यासाठी नेमकं ३०३ घेतलं होतं आणि ते दोन्हीकडून वाचलं तरी (३, ३) च येतं, म्हणून त्यानं मला काही सांगितलं नव्हतं. १०३ घेतलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

मग ती स्वतःच बोलत गेली. सरांची पद्धत तिला एकेक करून आठवू लागली. समीकरण लिहिण्याआधी रेषेवरचे तीन बिंदू मोठ्यानं म्हणायचे. जे बदलतं ते सोडायचं, जे बदलत नाही ते लिहायचं.

"तीन कॉमा एक. तीन कॉमा दोन. तीन कॉमा चार. न बदलणारं काय? पहिला आकडा. एक्स बरोबर तीन."

"आणि y चं काय?"

"काही नाही लिहायचं. तो कितीही असू दे."

"आणि लिफ्ट?"

तिनं विचार केला. "लिफ्टपासून दारं मोजतो. म्हणजे लिफ्ट स्वतः झिरो. एक्स बरोबर झिरो." मग थांबून म्हणाली, "अय्यो. म्हणून वाय अक्षाचं समीकरण एक्स बरोबर झिरो असतं. मी पाठ करत होते ते."

आमचा पॅसेज मात्र y = ३ हाच होता. त्यात आम्ही चुकलो नव्हतो. आम्ही फक्त दुसऱ्याच रेषेचं उत्तर काढलं होतं.

चढ काढायचं गणित दोन दिवसांनी आलं. सूत्रात उंचीतला फरक वर लिहायचा आणि बाजूचा फरक खाली. उभ्या रेषेसाठी खाली शून्य आलं. मुलीनं उत्तर शून्य लिहून टाकलं.

"पॅसेजचा चढ किती?" मी विचारलं.

"शून्य. तो सपाट आहे."

"मग दोरीचाही शून्य कसा?"

ती बाल्कनीत जाऊन टांगलेल्या दोरीकडे बघत राहिली. "दोरी बाजूला सरकतच नाही," ती म्हणाली. "मग कशानं भागणार?"

पुस्तकात तेच लिहिलं होतं. उभ्या रेषेचा चढ शून्य नसतो, तो काढताच येत नाही, आणि उत्तरात तसंच लिहायचं असतं. काढता येत नाही असं लिहिल्यावर पूर्ण गुण मिळतात. मी ते वाक्य दोनदा वाचलं. त्या दिवसांत भेटायला येणारी माणसं मला, आता कसं वाटतं, असं विचारत असत, आणि मी काहीतरी उत्तर शोधून देत असे. पुढच्या वेळी एका बाईंनी मलकपेठेहून फोन करून तेच विचारलं तेव्हा मी म्हटलं, ते सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

जूनपर्यंत आम्ही रोज बसलो. बाकीचे धडे त्यांचे शिकवून झाले होते, त्यांची फक्त उजळणी होती. न समजलेलं काही आलं की मी तिला विचारायची, सर काय म्हणायचे? बहुतेक वेळा तिला आठवायचं. ती त्यांच्या वाक्याची नक्कलही करायची, चष्मा कपाळावर सरकवून. "पोरी, घाई कुठली? रेल्वे चुकतेय का तुझी?" ही वाक्यं ते पुढच्या खोलीत म्हणत आणि मी आतल्या खोलीत वाचत असे. ती मी आता ऐकली.

परीक्षेच्या दिवशी तिची आई तिला घेऊन गेली. दुपारी मी बाल्कनीत होते. दोघी गल्लीतून येताना दिसल्या. मुलगी आमच्या बाल्कनीखाली येऊन थांबली आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "काकू, उभी रेषा आली होती."

"काय लिहिलंस?"

"एक्स बरोबर उणे चार. तीन पॉइंट म्हणून बघितले. मनात."

"मोठ्यानं म्हणायचे असतात."

"हॉलमध्ये? मॅडमनं बाहेर काढलं असतं."

निकाल लागला तेव्हा ती पास होती. गुण फार नव्हते, पुरेसे होते. तिची आई दारातून आली, पेढे घेऊन. नांदेडच्या मावशीला तिनं माझ्यासमोरच फोन लावला आणि सांगितलं की मुलगी येत नाही.

त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. "जून संपला, वहिनी," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

मी तिला सांगितलं की मुलीला पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला आहे, तिथे पहिल्याच वर्षी गणिताचा मोठा पेपर असतो आणि मी त्याचं पुस्तक वाचायला घेतलं आहे. ती म्हणाली, "दादा असता तर हसला असता." मी म्हटलं, हो, हसले असते.

आता मी ३०३ मध्ये एकटी राहते. मुलगी संध्याकाळी वर येते. पुढच्या खोलीतल्या खुर्चीत कुणी बसत नाही. दोरी उन्हानं विरली होती, म्हणून बेगम बाजारातून मी नवी आणून बांधली. टोपली जुनीच आहे.